कळ एक, अक्षरे दोन

हुबळी आणि धारवाड या जुळ्या शहरांना जोडणाऱ्या हमरस्त्यावर रायापूर आहे. उंबरठ्याच्या आत मराठी आणि बाहेर कन्नड, अशी आम्हा येथल्या मराठी कुटुंबांची पिढ्यान्‌पिढ्यांची रीत. मी ज्या सरकारी शाळेचा मुख्याध्यापक आहे, तिच्या कार्यालयात एकच संगणक आहे. पट, हजेरी, मध्यान्ह भोजनाचा हिशेब, वरिष्ठांकडे जाणारी पत्रे, हा सारा प्रपंच त्या एका यंत्रावर चालतो. आणि गेल्या वर्षापर्यंत तो एकाच नावाने चालत असे. सकाळी जो प्रथम येईल त्याने यंत्र सुरू करावे, सायंकाळी जो शेवटी जाईल त्याने ते बंद करावे, मधल्या वेळात ज्याला गरज पडेल त्याने खुर्चीवर बसावे. एकत्र कुटुंबातील चुलीप्रमाणे ते यंत्र सर्वांचे होते, आणि म्हणूनच त्याची जबाबदारी कोणा एकाची नव्हती.

एका शनिवारी शाळा सुटल्यावर मी त्या यंत्रापुढे बसलो. धारवाडला आमच्या आत्याबाई असतात. वय ८६, परंतु जात्यावरच्या ओव्या त्यांना अद्याप पाठ. त्यांनी फोनवरून सांगावे आणि मी टंकित करावे, असे दीड-दोन तास चालले. एकवीस ओव्या झाल्या. इतक्यात गावातून निकडीचा निरोप आला आणि मी होतो तसा उठलो. ओव्या जतन करावयाच्या राहिल्या. यंत्रही बंद केले नाही. काही वेळाने ते आपोआप निद्रिस्त झाले असावे. सरकारी यंत्रावर खासगी काम करणे हा माझा पहिला दोष, आणि ते अर्धवट टाकून उठणे हा दुसरा.

सोमवारी सकाळी आमच्या शाळेतील कन्नडच्या बाई चौथीच्या अडतीस मुलांची यादी करावयास बसल्या. त्यांनी यंत्र जागे केले, नवे पान उघडले आणि पटावर दृष्टी ठेवून, कळफलकाकडे न पाहता, सराईतपणे नावे टंकित केली. शेवटचे नाव झाल्यावर त्यांनी मान वर केली, तो अवघी यादी देवनागरीत! नावे बहुतेक बिनचूक होती. लिपी मात्र आमची होती. “सर, माझी सगळी मुले मराठी झाली की!” असे म्हणत त्या हसत माझ्याकडे आल्या. आपल्या हातून काही बिघडले असावे या समजुतीने त्यांनी तोवर पडद्यावरचे सारे बंद करून टाकले होते. बंद करताना यंत्राने दोनदा विचारले, “हे जतन करावयाचे काय?” बाईंनी दोनदा ‘नाही’ म्हटले. पहिला नकार त्यांच्या यादीवर पडला, दुसरा माझ्या ओव्यांवर.

यादी अर्ध्या तासात पुन्हा झाली. ओव्या मात्र झाल्या नाहीत. आत्याबाईंना त्याच आठवड्यात पुन्हा विचारले, तेव्हा चौदाच आठवल्या. उरलेल्या सातांसाठी मी अनेक वार फोन केला. शेवटी त्या म्हणाल्या, “अरे, जाते फिरले की ओवी आपली येत असे. तू पुस्तकातले प्रश्न विचारल्यासारखे विचारतोस. मग कशी येईल रे?”

या प्रसंगात बाईंचा दोष काडीमात्र नव्हता. तथापि हे घडले कसे, हा प्रश्न मला स्वस्थ बसू देईना. बाईंनी कन्नड टंकित केले आणि मराठी उमटले, ते कशामुळे? माझे अर्धवट लेखन दुसऱ्याच्या हाती गेले, ते कशामुळे? शोध घेता दोन्ही प्रश्नांचे उत्तर एकच निघाले. ते मराठी घरांना उपयोगी पडेल असे वाटल्याने हा लेखनप्रपंच.

कळीपासून अक्षरापर्यंत

आपली अशी समजूत असते की कळीवर जे अक्षर छापलेले आहे तेच ती यंत्राला कळवते. जुन्या टंकलेखन यंत्रात ते खरे होते. तेथे कळीच्या दांड्याला धातूचा खिळा असे आणि तोच कागदावर आपटे. संगणकाच्या कळफलकात असा खिळा नाही. कळींच्या खाली वाहिन्यांची जाळी असते आणि एक लहानसे यंत्र त्या जाळीवर अखंड पहारा करीत असते. कळ दाबली की ते एक क्रमांक पाठवते, सोडली की सुटल्याची वर्दी देते. लिनक्स या प्रणालीत इंग्रजी ‘के’ छापलेल्या कळीचा क्रमांक ३७ आहे. त्या ३७ मध्ये इंग्रजी नाही, मराठी नाही आणि कन्नडही नाही. ती केवळ एक जागा आहे.

हा क्रमांक ज्या व्यवस्थापकाच्या हाती पडतो, त्याला ऑपरेटिंग सिस्टीम म्हणजे कार्यप्रणाली म्हणतात. विंडोज, लिनक्स, मॅक-ओएस ही तिची परिचित नावे. टपाल कचेरीत पत्रांची विभागणी व्हावी तशी ती आलेल्या क्रमांकाची विभागणी करते. त्यासाठी ती तीन प्रश्नांची उत्तरे पाहते. या क्षणी यंत्रापुढे कोणाचे सत्र चालू आहे? त्या सत्रात पडद्यावर अनेक खिडक्या उघड्या असल्या तरी पुढे असलेली, लेखन स्वीकारणारी खिडकी कोणती? आणि त्या वापरकर्त्याने कोणत्या भाषेचा कळफलक निवडला आहे?

तिसऱ्या उत्तरावर अक्षर ठरते. जगातील बहुतेक लिप्यांतील प्रत्येक वर्णाला युनिकोड या संकेतप्रणालीने स्वतंत्र क्रमांक दिलेला आहे. इंग्रजी निवडलेली असेल तर ३७ पासून १०७ हा क्रमांक होतो, म्हणजे लहान लिपीतील ‘के’. मराठी निवडलेली असेल तर २३२५ होतो, म्हणजे आपला ‘क’. कन्नड निवडलेली असेल तर ३२२१, म्हणजे कन्नड ‘क’. बोट तेच, कळ तीच, जागाही तीच. अक्षर मात्र निवडीचे.

माऊसची गोष्ट थोडी निराळी. अमेरिकेतील संशोधक डग्लस एंगेलबार्ट यांनी ९ डिसेंबर १९६८ रोजी या साधनाचे जाहीर प्रात्यक्षिक केले. माऊस आपली जागा सांगत नाही. आपण किती आणि कोणत्या दिशेस सरकलो एवढेच सांगतो. पडद्यावरचा बाण कोठे न्यावयाचा हे कार्यप्रणाली ठरवते. त्याची टिचकी बाणाखाली जी खिडकी असेल तिला पोहोचते, आणि कळफलकाचे टंकन पुढे असलेल्या खिडकीला. आपण पाहतो एकीकडे आणि अक्षरे उमटतात भलतीकडे, हा नवशिक्यांचा नित्याचा अनुभव या भेदातून येतो.

काही कळी मात्र कार्यप्रणाली स्वतःसाठी राखून ठेवते. कंट्रोल, ऑल्ट आणि डिलीट या तीन कळी एकत्र दाबल्या की काय करावयाचे, हे विंडोजमध्ये कोणत्याही साध्या कार्यक्रमाच्या हाती नसते. तो इशारा थेट कार्यप्रणालीकडे जातो. १९९३ साली आलेल्या विंडोज एनटीने प्रवेशापूर्वी या तीन कळी दाबण्याची जी अट घातली, तिचे मर्म हेच होते. प्रवेशद्वाराचे सोंग घेऊन परवलीचा शब्द चोरू पाहणारा लबाड कार्यक्रम त्या इशाऱ्यापुढे उघडा पडावा.

सत्र कोणाचे?

आता ‘सत्र’ म्हणजे काय ते पाहू. आपण आपले नाव आणि परवलीचा शब्द देऊन आत जातो तेव्हा सत्र सुरू होते, आणि रीतसर बाहेर पडतो तेव्हा ते संपते. मधल्या काळात उघडलेल्या खिडक्या, अर्धे राहिलेले लेखन, निवडलेला कळफलक, नक्कल करून ठेवलेला मजकूर, हे सारे त्या सत्राच्या स्वाधीन असते. यंत्र निद्रिस्त झाले तरी सत्र संपत नाही. जागे होताच ते जसेच्या तसे पुढे येते. माझे शनिवारचे सत्र सोमवारी बाईंपुढे आले ते असे. त्या सत्रात कळफलक मराठी होता, म्हणून त्यांची मुले मराठी झाली. माझे लेखनही त्याच सत्रात होते, म्हणून त्याचे भवितव्य ठरवण्याचा अधिकार त्यांच्या बोटाला मिळाला. यंत्राला माणसांचे चेहरे दिसत नव्हते. त्याच्या लेखी मी आणि बाई एकच व्यक्ती होतो.

एका यंत्रावर अनेकांनी काम करावे आणि तरी प्रत्येकाचे काम वेगळे राहावे, ही कल्पना घरोघरच्या संगणकाहून जुनी आहे. अमेरिकेतील एमआयटी या संस्थेत फर्नांडो कोर्बातो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६१ साली अशा प्रणालीचे प्रात्यक्षिक केले. त्या काळी संगणक खोलीभर जागा व्यापीत आणि अतिशय महाग असत. तेव्हा एका यंत्राचा वेळ क्षणाक्षणाने अनेकांत वाटावयाचा आणि प्रत्येकाला यंत्र आपल्या एकट्याचेच आहे असे भासवावयाचे, ही त्यांची युक्ती. प्रत्येकाचे कागद निराळे राहावेत म्हणून प्रत्येकास परवलीचा शब्द देण्यात आला.

त्याच प्रणालीवर घडलेला एक किस्सा कोर्बातो यांनी पुढे ट्यूरिंग पारितोषिकाच्या व्याख्यानात सांगितला. एके दिवशी दुपारी जो जो आत जाई त्याला रोजच्या सूचनेऐवजी सर्व वापरकर्त्यांच्या परवलीच्या शब्दांची यादीच वाचावयास मिळू लागली! कारण विचार करण्यासारखे आहे. एका वेळी एकाच व्यक्तीने वापरावयाचे लेखनसाधन व्यवस्थापकांपैकी दोघे एकाच सामाईक जागेत एकाच वेळी वापरीत होते. एक जण रोजची सूचना लिहीत होता, दुसरा परवलीच्या शब्दांची यादी सुधारीत होता. ते साधन दोघांचेही काम एकाच नावाच्या तात्पुरत्या कागदावर ठेवीत असल्याने एकाचा कागद दुसऱ्याच्या जागी गेला. एवढ्या मोठ्या संस्थेतील जाणत्यांची ही गत, तेथे आमच्या शाळेचा काय पाड? घडले मात्र तेच: माणसे दोन, जागा एक.

वर्णमालेचा कळफलक

बाईंची यादी देवनागरीत उमटली एवढेच नवल नव्हते. ती वाचता येत होती, हे खरे नवल. कन्नडसाठी फिरवलेल्या बोटांतून शुद्ध मराठी अक्षरे का यावीत? निरर्थक अक्षरांचा ढीग का पडू नये?

याचे श्रेय ‘इन्स्क्रिप्ट’ या कळफलकाला आहे. भारत सरकारच्या इलेक्ट्रॉनिक्स विभागाने १९८६ साली भारतीय लिप्यांसाठी तो पुरस्कृत केला, आणि १९९१ च्या भारतीय मानकात त्याला स्थान मिळाले. कानपूरच्या आयआयटीत सुरू झालेले आणि पुढे पुण्याच्या सी-डॅकमध्ये वाढीस लागलेले भारतीय लिप्यांचे तंत्र याच परंपरेतले. इन्स्क्रिप्टची रचना करणाऱ्यांनी इंग्रजी अक्षरांच्या मागे न लागता आपल्या वर्णमालेचाच आधार घेतला. डाव्या हाताकडे स्वर, उजव्या हाताकडे बहुतेक व्यंजने. मधल्या ओळीत प, क, त, च, ट ही कठोर व्यंजने, आणि त्यांच्याच डोक्यावर वरच्या ओळीत ब, ग, द, ज, ड ही मृदू व्यंजने. त्याच कळीबरोबर शिफ्ट दाबली की महाप्राण: क चा ख, ग चा घ, द चा ध. डाव्या हाताकडेही साध्या कळीला काना-मात्रा आणि शिफ्टसह पूर्ण स्वर. मराठीच्या वर्गात आपण जे वर्णविचार म्हणून शिकवतो, तेच येथे बोटांखाली मांडलेले आहे.

भारतीय लिप्यांची वर्णव्यवस्था मूलतः एक असल्याने हीच मांडणी कन्नडला, तेलुगूला, बंगालीलाही लागू पडते. मराठीचा आणि कन्नडचा लाडका ‘ळ’ देखील दोहींकडे एकाच कळीवर आहे. युनिकोडनेही भारतीय लिप्यांच्या बाबतीत हाच क्रम पाळला. देवनागरीचा विभाग २३०४ पासून सुरू होतो, कन्नडचा ३२०० पासून. आणि समान वर्ण आपापल्या विभागात समान स्थानी बसवलेले आहेत. देवनागरी वर्णाच्या क्रमांकात ८९६ मिळवावेत की त्याचा कन्नड बंधू भेटतो.

‘धारवाड’ हाच शब्द घ्या. शिफ्टसह ‘ओ’, मग ‘ई’, ‘जे’, ‘बी’, पुन्हा ‘ई’ आणि शेवटी ‘पी’ च्या उजवीकडील चौकटी कंसाची कळ. मराठी सत्रात हा शब्द देवनागरीत उमटेल आणि कन्नड सत्रात कन्नड लिपीत. बोटांच्या हालचालीत तिळमात्र फरक नाही. बाईंच्या यादीत अडचण आली ती एवढीच, की कन्नडमध्ये ‘ए’ आणि ‘ओ’ यांची ऱ्हस्व आणि दीर्घ अशी दोन रूपे आहेत आणि मराठी लेखनात हा भेद नाही. तेवढ्या ठिकाणी नावे अडखळली होती.

आणखी एक गोष्ट मराठीच्या शिक्षकाला सुखावणारी आहे. जुन्या मराठी टंकलेखन यंत्रावर ‘कि’ लिहिताना पहिली वेलांटी आधी आणि ‘क’ नंतर उमटवावा लागे, कारण कागदावर वेलांटी आधी दिसते. इन्स्क्रिप्टमध्ये आपण उच्चाराप्रमाणे आधी ‘क’ आणि मग वेलांटी देतो. ती उचलून ‘क’ च्या अलीकडे नेऊन मांडण्याचे काम यंत्र करते. क, हलन्त आणि ष एकापुढे एक दिले की ‘क्ष’ देखील तेच जुळवते. विंडोज २००० पासून देवनागरीची आणि २००१ च्या विंडोज एक्सपीपासून कन्नडची ही सोय त्या कार्यप्रणालीतच आहे. त्यापूर्वी ज्याचा टंक त्याचेच वाचन, अशी अवस्था होती. पुण्याहून आलेले मराठी पत्र येथे उघडले की इंग्रजी अक्षरांची खिचडी पदरात पडे.

एक गाव, दोन लेखण्या

हे सारे समजून घेत असताना मला आमच्या धारवाडचीच आठवण होत राहिली. द. रा. बेंद्रे यांच्या घरची भाषा मराठी. परंतु त्यांच्या लेखणीने कन्नड काव्य वैभवास नेले, आणि १९७३ चे ज्ञानपीठ पारितोषिक त्यांच्या ‘नाकु तंती’ या संग्रहास लाभले. जी. ए. कुलकर्णी यांनी अनेक वर्षे याच धारवाडात इंग्रजीचे अध्यापन केले, आणि मराठी कथेला नवे परिमाण दिले ते येथेच राहून. त्यांच्या ‘काजळमाया’ला साहित्य अकादमीचे पारितोषिक जाहीर झाले तेही १९७३ चेच, पुढे त्यांनी ते परत केले. एकाच गावच्या मातीतून, एकाच वर्षी, दोन भाषांना दोन लेणी मिळाली. एकीमुळे दुसरीला उणेपण आले नाही, कारण दोघांनीही आपापली बैठक नीट राखली होती.

आपल्यासारख्या महाराष्ट्राबाहेरील मराठी घरांपुढचा प्रश्न हाच आहे. बाजारात, शाळेत, कचेरीत कन्नड, तेलुगू, हिंदी किंवा गुजराती हवीच, आणि ती चांगली यावी. पण घरातील मुले आजीला पत्र लिहितात ते रोमन लिपीत. विचारावे तर म्हणतात, “आमच्या कॉम्प्युटरवर मराठी नाही.” वस्तुतः मराठी त्यात असते, त्यांच्या सत्रात ती निवडलेली नसते एवढेच.

तेव्हा वाचकहो, घरी एकच संगणक असला तरी प्रत्येकाचे नाव त्यावर वेगळे नोंदवावे. त्यात खर्च नाही. प्रत्येकाने आपल्या सत्रात आपल्या भाषांचे कळफलक एकदाच निवडून ठेवावेत. पुढे विंडोज कळ आणि स्पेसबार एकत्र दाबून भाषा पालटता येते. पाच मिनिटांसाठी उठावयाचे झाले तर विंडोज कळ आणि ‘एल’ दाबून सत्राला कुलूप लावावे. काम शाबूत राहते आणि दुसऱ्यास आपल्या नावाने आत येता येते. दिवसाचे काम संपले की रीतसर बाहेर पडावे. आणि सर्वांआधी, दोन ओळी झाल्या तरी जतन कराव्यात. दुकानातील किंवा परक्याच्या यंत्रावर तर बाहेर पडल्यावाचून खुर्ची सोडूच नये.

आमच्या कार्यालयातील संगणकावर आता चार नावे आहेत. बाईंच्या नावाखाली कन्नड उमटते, माझ्या नावाखाली मराठी. ओव्यांसाठी मात्र मी शाळेचे यंत्र वापरीत नाही. मुलाचा जुना संगणक घरी घेऊन आलो आहे. आत्याबाईंच्या चौदा ओव्या त्यात जतन केल्या आहेत आणि त्यांची छापील प्रत कपाटात ठेवली आहे. गेल्या दिवाळीत त्या आमच्याकडे आल्या असता मी त्यांना प्रश्न विचारणे सोडून दिले आणि माळ्यावरचे जुने जाते काढून त्यांच्यापुढे ठेवले. त्यांनी खुंट्याला हात लावला. मूठभर जोंधळे दळून होईतो दोन ओव्या परत आल्या.

पाच अजून यावयाच्या आहेत. आपल्या घरीही कोणी अशा आत्याबाई असतील, तर आजच त्यांच्यापुढे बसा. लिहून घ्या, आणि उठण्यापूर्वी जतन करा.